पुस्तकापर्यंतची वाट

ग्रंथालयात पुस्तके लाखो असली, तरी आपल्याला हवे ते सापडायचे कसे? न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची फिफ्थ अव्हेन्यूवरील इमारत २४ मे १९११ रोजी वाचकांना खुली झाली. कपाटे वाचकांच्या नजरेआड होती. कार्डांवरची सूची हाच त्यांचा वाटाड्या. सूची पाहून चिठ्ठी भरायची; ती हवेच्या नळीतून खाली कोठारात जाई. पहिली चिठ्ठी सकाळी ९.०८ ची. सहा मिनिटांत पुस्तक हाती आले. तेही रशियन भाषेतले, नीत्शे आणि टॉलस्टॉय यांच्या विचारांवरचे!

वाचकाचा वेळ वाचवावा, हे सूत्र रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. मला तर संगमरवरी इमारतीपेक्षा त्या सहा मिनिटांचेच मोल मोठे वाटते. पुस्तकापर्यंतची वाट अनोळखी वाचकालाही सापडली, तरच ग्रंथालय खऱ्या अर्थाने सार्वजनिक.