१३ मार्चचा मुहूर्त

आमच्या टीममध्ये शुक्रवारी संध्याकाळी कुणी रिलीज करत नाही. यात थोडं शहाणपण आहे, कारण काही बिघडलं तर शनिवारी निस्तरायला माणसं नसतात. नवीन सर्व्हर आला की कुणीतरी नारळ फोडतं. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, खोबरं तर सगळेच खातात. पण एखाद्याच्या पाळीत सलग दोनदा सिस्टिम बसली की त्याला 'पनवती' म्हणायला लागतात. आधी चेष्टेत. मग महत्त्वाच्या रिलीजच्या रात्री त्याचं नाव यादीतून हळूच गळतं.

नारळ आणि पनवती, दोन्हींसाठी आपण 'अंधश्रद्धा' हा एकच शब्द वापरतो. मला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. एकीत शकुन वस्तूला चिकटतो, दुसरीत माणसाला. हा फरक केवढा मोठा आहे, ते मला माझ्या गावाच्या, म्हणजे वर्ध्याच्या इतिहासात दिसलं.

अस्पृश्यता आपण शाळेत 'सामाजिक अन्याय' म्हणून शिकतो. ती तशी होतीच. पण रोजच्या वागण्यात ती चालायची शकुन-अपशकुनाच्याच रीतीनं. सावली पडली की आंघोळ. हात लागला की पाणी ओतून द्यायचं. सकाळी अमुक माणूस समोर आला तर दिवस वाईट. इथे लिंबू-मिरचीची जागा जिवंत माणसानं घेतलेली असते, आणि माणसाला दारावरून काढून फेकता येत नाही, म्हणून त्याला गावाबाहेर ठेवलं जातं.

वर्ध्यात लक्ष्मीनारायण मंदिर आहे, बजाज कुटुंबाचं. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी ते दलितांसाठी खुलं केलं. तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. देव बाटेल, गावावर काहीतरी ओढवेल, ही भीती खरी होती आणि ती बाळगणारे लोक जमनालालजींच्या नात्यागोत्यातलेच होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच्या दोन वर्षांनंतरचा. तिथे दरवाजे उघडण्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांना अनेक वर्षं झगडावं लागलं.

नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधी वर्ध्याहूनच आपल्या हरिजन यात्रेला निघाले. देशभर फिरून अस्पृश्यतेविरुद्ध बोलायचं, हा हेतू. यात्रा चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून जास्त माणसं गेली. तेव्हा दक्षिणेत असलेले गांधी जाहीरपणे म्हणाले, की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे.

रवींद्रनाथ टागोरांना हे पटलं नाही. त्यांनी उत्तर लिहिलं आणि गांधींनी ते फेब्रुवारीत 'हरिजन' साप्ताहिकात छापलं, सोबत आपलंही उत्तर दिलं. टागोरांचा पहिला मुद्दा आज आपल्याला सोपा वाटतो: नैसर्गिक संकटाची कारणं निसर्गातच असतात. दुसरा जास्त टोकदार आहे. ते म्हणाले, की असा युक्तिवाद तुमच्यापेक्षा तुमच्या विरोधकांच्याच जास्त कामाचा आहे. उद्या ते म्हणतील, तुम्ही धर्म बुडवताय म्हणूनच भूकंप झाला.

टागोरांचं हे वाक्य माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडतं. एकाच घटनेतून दोन उलट निष्कर्ष तितक्याच सहज निघत असतील, तर त्या पद्धतीतच खोट आहे. हेतू कितीही चांगला असला तरी. गांधी मात्र आपल्या श्रद्धेवर ठाम राहिले.

१९३६ मध्ये ते वर्ध्यापासून साधारण ८ किलोमीटरवर सेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. पुढे त्याचंच सेवाग्राम झालं. १९४४ च्या अखेरीस तिथे एक तेलुगू माणूस त्यांना भेटायला आला. नाव गोपाराजू रामचंद्र राव, लोक म्हणत 'गोरा'. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पक्के नास्तिक. नास्तिकपणामुळे त्यांची नोकरी गेली होती. त्यांच्या पत्नी सरस्वती गरोदर असताना ग्रहणात मुद्दाम बाहेर पडल्या होत्या. बाळ धडधाकट जन्मलं. आजही आपल्याकडे ग्रहण लागलं की गरोदर बाईला खोलीत बसवतात, सुरी-कात्री हातात घेऊ देत नाहीत. त्या काळी हे करायला काय लागलं असेल, याचा अंदाज करा.

नास्तिक गोरा आणि भूकंपात ईश्वराचा हात पाहणारे गांधी यांचं जमलं. अस्पृश्यता दोघांनाही सहन होत नव्हती. गोरांनी आपली मुलगी मनोरमा हिचं लग्न अर्जुनराव या दलित तरुणाशी ठरवलं. गांधींनी ते सेवाग्राम आश्रमात लावायचं कबूल केलं. शेवटच्या काळात ते आंतरजातीय, त्यातही एक जोडीदार दलित असलेल्या लग्नांनाच आशीर्वाद देत. गोरांसाठी त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली: विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायचं.

मग ३० जानेवारी १९४८ ला गांधींची हत्या झाली.

घरातलं मोठं माणूस गेलं की आपण मंगलकार्य पुढे ढकलतो. इथे तर सगळा देश सुतकात होता. त्याच सुमारास सेवाग्रामला नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा अशी मंडळी 'आता पुढे काय' याचा विचार करायला जमली होती. अशा दिवसांत, हत्येनंतर ४३ व्या दिवशी, शनिवार १३ मार्च १९४८ रोजी, आश्रमात मनोरमा आणि अर्जुनराव यांचं लग्न लागलं. तारीख १३, वार शनिवार, ज्यांनी लग्न लावायचं तेच गेलेले, आणि विधीत देवाचं नाव नाही. अपशकुनांची यादी करायची म्हटली तर ही पुरेशी लांब आहे.

गांधींचा श्रद्धेबद्दलचा विचार बदलला होता का? मला तसं म्हणवत नाही, ते शेवटपर्यंत रामनाम घेत राहिले. पण १९३४ मध्ये ज्या अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी आकाशातल्या शिक्षेचा धाक घातला, तिच्याचविरुद्ध पुढे त्यांनी एका नास्तिकाच्या मुलीच्या लग्नाला आश्रमाचं अंगण दिलं. धाकानं किती लोक बदलले ते मोजता येत नाही. लग्न मात्र झालं.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा वाचताना मला हाच फरक पुन्हा दिसला. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच महिन्यात सरकारनं अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. हा कायदा पूजा, प्रदक्षिणा, वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी, अगदी नंदीबैलवाल्यांनाही हात लावत नाही. पण एखादी व्यक्ती करणी करते, दुर्भाग्य आणते, असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे लिंबाला माफी आहे. माणसाला लिंबू केलं तर नाही.

हे सगळं मी आत्ताच का शोधत बसले, त्याचंही कारण आहे. डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. पत्रिका जुळवून झाली, मुहूर्तही निघाला. त्यावर मी फारसा वाद घातला नाही, कारण हॉल आणि सुट्ट्या त्याच तारखेला जमत होत्या. अडलंय ते हळदीवर. माझी काकू सहा वर्षांपूर्वी विधवा झाली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात ती स्वयंपाकघरात असते. तिला कुणी 'तू ये नको' म्हणत नाही. ती स्वतःच मागे सरकते, आणि बाकीचे ते पाहिलं न पाहिलं करतात. पाढे, सायकल आणि पहिल्या कॉम्प्युटरवर टायपिंग, तिन्ही मला तिनं शिकवलंय.

पहिली हळद तिनं लावायची, असं मी घरी सांगितलंय. बाबा म्हणाले, "तुझी इच्छा." आजी गप्प आहे. आई म्हणते, "अगं, काकूलाच अवघडल्यासारखं होईल." ते खरंही आहे. गेल्या रविवारी मी काकूला मनोरमा आणि अर्जुनराव यांची गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून एकच विचारलं, "मग सुखाचा झाला का गं त्यांचा संसार?"

मी म्हटलं, "काकू, मुहूर्त काढून झालेल्या लग्नांना हे कुणी विचारतं का?"

ती हसली. हो म्हणाली नाही अजून.