ज्ञानाचें भांडें

ज्ञान गोळा करणें आणि तें ठेवावयास योग्य भांडें शोधणें हीं दोन कामें निराळीं आहेत, आणि दुसऱ्याकडे विद्वानांचें सहसा दुर्लक्ष होतें. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचें तसें झालें नाहीं. अमरावतीस शिकलेल्या, म्हणून आम्हां वऱ्हाडकरांस जवळच्या, ह्या पंडितांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प केला तेव्हां नागपुरास एक मर्यादित कंपनी उभारली, तिचे भाग विकले, गांवोगांव हिंडून वर्गणीदार मिळविले, आणि १९३० उजाडण्यापूर्वीं तेवीस विभाग पुरे केले. कंपनी हेंच त्यांचें भांडें होतें. त्यांत एक उणीव मात्र होती : छापलेल्या पानावरील चूक वाचकास दिसली तरी ती दुरुस्त करणें त्याच्या हातीं नव्हतें.

ही उणीव भरून काढणारी युक्ति पुढें संगणकाच्या जाणकारांत निघाली. अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनीं २५ मार्च १९९५ रोजीं, आज्ञावली रचणाऱ्यांस परस्परांचे अनुभव टिपून ठेवतां यावे म्हणून, वाटेल त्यानें दुरुस्त करावें असें एक लेखनस्थळ महाजालावर उघडलें. होनोलुलूच्या विमानतळावरील 'विकी विकी' नांवाच्या बसगाडीवरून त्याचें नामकरण झालें. हवाई बेटांच्या भाषेंत 'विकी' म्हणजे जलद. तें ज्या आज्ञावलीवर चालत असे ती त्यांनीं पर्ल ह्या संगणकभाषेंत लिहिली होती.

संगणकभाषा म्हणजे संगणकास आज्ञा देण्याकरितां मनुष्यानें रचलेली भाषा. प्रत्येक भाषेभोंवतीं तिच्या उपासकांचा संप्रदाय जमतो, आणि त्यास आपल्या ज्ञानाची सामाईक वही हवी असते. येथें एक मानाचा प्रश्न उपस्थित होतो : जी भाषा आपण श्रेष्ठ म्हणतों तिची वही परक्या भाषेंतील आज्ञावलीवर कां चालवावी? पायथॉनच्या मंडळींस हा प्रश्न जड गेला नाहीं. त्यांची विकी दीर्घकाल 'मॉइनमॉइन' ह्या पायथॉनमध्येंच रचलेल्या आज्ञावलीवर चालली. हॅस्केलकरांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्यांची जुनी विकीही ह्याच पायथॉनी मॉइनमॉइनवर होती. २००६ च्या सुमारास त्यांनीं ती सोडली, पण स्वीकारली ती विकिपीडियाकरितां तयार झालेली, पीएचपी भाषेंतील 'मीडियाविकी'. पुढें २००८ मध्यें जॉन मॅकफार्लेन ह्यांनीं हॅस्केलमध्येंच 'गिटिट' नांवाची उत्तम विकी रचली. तरी मंडळींची वही मीडियाविकीवरच राहिली.

हा स्वाभिमानाचा अभाव नव्हे. आगंतुकांनीं टाकलेला कचरा काढणें, जुन्या आवृत्त्या जपणें, चोरवाटा बुजविणें हीं वहीच्या राखणीचीं रोजचीं कामें आहेत. ज्या आज्ञावलीच्या मागें अनेक हात आहेत तिचीं तीं होत राहतात. एका कर्त्यावर विसंबलेली आज्ञावली त्याचा उत्साह असेल तोंवरच टिकते. शिवाय ह्या स्थलांतरांत मोठी अडचण आली ती निराळीच. जुन्या वहींतील लेखनाचा परवाना कोणता, हें स्पष्ट नव्हतें. त्यामुळें मजकूर सरसकट उचलतां येईना. लेखकांची संमति मागावी लागली. नव्या विकीचा परवाना मात्र स्पष्ट ठरविण्यांत आला.

विकिपीडियाचा इतिहास ह्याचीच दुसरी बाजू दाखवितो. जानेवारी २००१ मध्यें ती 'यूजमॉडविकी' ह्या पर्लमधील आज्ञावलीवर सुरू झाली. जानेवारी २००२ मध्यें माग्नुस मान्स्के ह्या जर्मन विद्यार्थ्यानें पीएचपींत लिहिलेली आज्ञावली आली. त्याच वर्षीं ली डॅनियल क्रॉकर ह्यांनीं ती नव्यानें रचली, आणि २००३ मध्यें तिला मीडियाविकी हें नांव मिळालें. भांडीं बदललीं, धान्य राहिलें. कारण तें हलविण्याची मुभा परवान्यांतच होती.

१ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियानें वेगळें भांडें घडविलें नाहीं. हेंच घेतलें, आणि स्वयंसेवकांनीं त्यावरील सूचना मराठींत आणल्या. त्या काळीं पुष्कळसा मराठी मजकूर ठराविक फाँटच्या संकेतांत टंकिला जात असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजीं निरर्थक चिन्हें दिसत. फाँट घरचे होते, अक्षरें सुबक होतीं, आणि तरी लेखन त्यांत कोंडलें गेलें. युनिकोडनें प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक दिला, तेव्हां ही कोंडी फुटली.

नागपूर-अमरावती रस्त्यावरील तिवसा येथें बसून आम्ही हें लिहीत आहों. आमच्या तालुक्यांतून संगणकशास्त्र शिकावयास जाणाऱ्या मुलांस आपल्या शंकांचें उत्तर मराठींत क्वचितच सांपडतें. उद्यां त्यांनीं आपली मराठी वही मांडावयाचें ठरविलें, तर स्वतःची आज्ञावली रचण्याचा मोह त्यांस होईल, आणि शिकण्यासाठीं ती जरूर रचावी. परंतु पुढील पिढीसाठीं जें लिहावयाचें, तें कोठें ठेवावें हें ठरवितांना तीन गोष्टी पाहाव्या : मोबाइलवर मराठी टंकणाऱ्या मुलीस तेथें लिहितां येतें काय, सर्व मजकूर परवान्यासह बाहेर काढतां येतो काय, आणि रचणारा नोकरीसाठीं पुण्यास गेला तर सांभाळणारें कोणी मागें उरतें काय. पहिल्या दोहोंची परीक्षा एका दिवसांत होते. तिसऱ्यासाठीं माणसें जमवावीं लागतात, आणि तें काम केतकरांप्रमाणें गांवोगांव हिंडूनच करावें लागेल.