तगाई आणि अनुदान

बंगळूरच्या दक्षिणेस बनशंकरी नावाची मोठी वस्ती आहे. तेथील देवीच्या देवळावरून तिला हे नाव मिळाले. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता असल्याने श्रोत्यांना ते परके वाटावयाचे नाही. तिलाच शाकंभरी म्हणतात. दीर्घ अवर्षणात तिने स्वतःच्या देहातून भाजीपाला उपजवून प्रजा जगविली, अशी पुराणकथा आहे. देवीने त्याची परतफेड मागितल्याचे कथेत कोठे नाही. राजसत्तेला मात्र हिशेब ठेवावा लागतो, आणि नाडलेल्या शेतकऱ्यास सरकारने द्यावयाचे ते कर्ज की हक्क, हा वाद त्या हिशेबातूनच उपजला.

आपल्याकडे या मदतीचे जुने नाव तगाई. ज्या अरबी धातूवरून हा शब्द आला त्याचा अर्थ बळ देणे असा आहे. १६७६ च्या सप्टेंबरात शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस धाडलेले पत्र हे या अर्थावरील उत्तम भाष्य होय. ज्याच्या अंगी कसण्याची कुवत आहे, घरी माणूस आहे, परंतु बैल नाही व पोटास दाणा नाही, त्यास बैलांसाठी पैका आणि खावयास धान्य द्यावे. वसुली करावयाची ती व्याजावाचून, मुद्दलापुरती, तो सावरल्यावर हळूहळू. तारण काय, असा प्रश्न पत्रात नाही.

दोनशे वर्षांनी, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, म्हैसूर संस्थान उजाड झाले. १८७१ च्या खानेसुमारीत तेथे ५० लाखांवर माणसे होती. १८८१ मध्ये ती ४२ लाखांच्याही खाली आली. संस्थानाचा कारभार त्या वेळी ब्रिटिश अधिकारीच बंगळुरातून पाहत. मदत होती ती मुख्यतः दुष्काळी कामांवरील मजुरीची आणि अन्नछत्रांची. माणूस त्याने कसाबसा जगे. पण शेत पुन्हा उभे करावयाचे तर बैल हवा, आणि तो चाऱ्यावाचून आधीच गेलेला.

पुढे दुष्काळ आयोगाचा अहवाल आला व १८८४ मध्ये शेतकरी कर्ज कायदा झाला. बी आणि बैलांसाठी सरकारी पैसा मिळू लागला खरा. परंतु तो सव्याज, आणि थकला तर जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल होणारा. बळ देणारी तगाई आता निव्वळ ऋण झाली. शिवाय अर्ज, चौकशी, जामीन यांत पेरणीची वेळ निघून जाई. सावकार वाईट खराच, पण तो रात्रीदेखील दार उघडी. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या गोरवाला समितीच्या पाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सरकारचा वाटा शेकडा ३.३ भरला, सावकारांचा सत्तरच्या घरात होता. सत्तर वर्षांच्या कायद्याची ही कमाई!

आता मदत अनुदानरूपाने येते, ती परत करावी लागत नाही, हे मोठेच स्थित्यंतर म्हटले पाहिजे. पीक किमान ३३ टक्के बुडालेले असावे लागते. २०२२ साली ठरलेला केंद्रीय दर कोरडवाहूस हेक्टरी ८,५०० रुपये, तोही दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त १७,००० रुपये. वाद मिटला असे मात्र नाही. २०२३ च्या अवर्षणानंतर कर्नाटकाने केंद्राकडे सुमारे १८,१७१ कोटी रुपये मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३,४५० कोटी हाती आले. खरीप केव्हाच हातचे गेले होते.

हे पैसे आज थेट बँकखात्यात पडतात. दलाल दूर झाला, हे चांगलेच. पण खाते कोणाचे, हे जमिनीचे दप्तर ठरविते. तोंडी कराराने दुसऱ्याची जमीन कसणारा, बी आणि खत स्वतःच्या पदरचे घालणारा कूळ त्या दप्तरात बहुधा नसतो. पीक त्याचे बुडते, अनुदान मालकाच्या नावे जमा होते. रामाजी अनंतांना लिहिलेल्या पत्रातला कुणबी तोच आहे.