जी खोलीत नसते तिच्यासाठी : मारहाण करणाऱ्या पुरुषांच्या वर्गांना नियम कसे लागले

१/ बायकोला मारहाण करणाऱ्या पुरुषाला तुरुंगात धाडावे, की समोर बसवून शिकवावे? शिकवायचेच तर काय, किती दिवस, आणि तो खरोखर बदलला हे ठरवायचे कोणी? या प्रश्नांची लेखी उत्तरे म्हणजे ‘वर्तनबदल कार्यक्रमांची मानके’. नाव सरकारी फायलीतले वाटते. त्यामागचा पन्नास वर्षांचा इतिहास मात्र वादांनी भरलेला आहे. #थ्रेड

२/ १९७० च्या दशकात अमेरिकेत स्त्री-चळवळीतून आधारगृहे उभी राहिली. मार खाल्लेली स्त्री मुलांना घेऊन तिथे येई, जखमा भरत, आणि अनेकदा ती त्याच घरी परते. न परतली, तर त्या पुरुषाच्या आयुष्यात दुसरी स्त्री येई. कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले की मारणारा हात आहे तिथेच आहे.

३/ १९७७ साली बॉस्टनमध्ये ‘इमर्ज’ हा अशा पुरुषांसाठीचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम सुरू झाला. तो चालवणारे पुरुष होते. पण तो सुरू करा, अशी विनंती केली होती आधारगृहांत काम करणाऱ्या स्त्रियांनी. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. कल्पना मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यातून आली नव्हती.

४/ मात्र विनंती करणाऱ्यांच्याच मनात शंकाही होती. आधारगृहांना मिळणारा तुटपुंजा निधी पुरुषांच्या वर्गांकडे वळला तर? ‘मी वर्गाला जातो आहे, आता घरी चल’ असे सांगून त्याने तिला परत नेले तर? म्हणजे वर्गाचे नाव हेच त्याच्या हातचे नवे साधन ठरायचे.

५/ दुसरा वाद अधिक तात्त्विक होता. तेव्हाच्या कुटुंबोपचारात हिंसा हा ‘नात्यातला बिघाड’ समजून दोघांना एकत्र बसवण्याची पद्धत रूढ होती. चळवळीतल्या स्त्रियांचा आक्षेप सरळ होता : तो शेजारी बसलेला असताना ती काय बोलणार? आणि बोललीच, तर त्या रात्री घरी काय होणार?

६/ आता डुलुथ. मिनेसोटा राज्यातले, सुपीरियर सरोवराच्या काठचे हे बंदर. १९८० च्या दशकाच्या आरंभी एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, प्रोबेशन खाते आणि आधारगृह यांना एका सूत्रात बांधले. पुरुषांचा वर्ग हा त्या साखळीतला केवळ एक दुवा होता. वर्ग चुकवला, तर बातमी न्यायालयात पोहोचे.

७/ १९८४ मध्ये मारहाण सोसलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांशी झालेल्या चर्चांतून तिथे एक चाक रेखाटले गेले. मध्यभागी ‘सत्ता आणि नियंत्रण’. आठ आरे : धमक्या, धाक, अपमान, एकटे पाडणे, पैशांची कोंडी, मुलांचा वापर इत्यादी. धाव मात्र शारीरिक आणि लैंगिक हिंसेची. हे चित्र पुढे जगभर गेले. घरगुती हिंसेवरच्या प्रशिक्षणात ते आजही भिंतीवर दिसते.

८/ त्याच सुमारास शेजारच्या मिनियापोलिसमध्ये पोलिसांनी एक प्रयोग केला (१९८१-८२). ३१४ प्रकरणांत अटक करायची, पुरुषाला काही तास घराबाहेर पाठवायचे की नुसती समज द्यायची, हे आधीच चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरवलेले. अटकेनंतर पुन्हा हिंसा सर्वांत कमी, असा निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर शहरांत तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा चित्र इतके स्वच्छ राहिले नाही. पण तोवर अटकेची धोरणे ठरून गेली होती.

९/ परिणाम उघड होता. अटका वाढल्या, न्यायालये भरली. हजारो पुरुषांना तुरुंगात ठेवणे शक्य नव्हते, सोडून देणेही अवघड. न्यायाधीशांना मधला मार्ग हवा होता : ‘वर्गाला जा.’ मागणी आली तसे वर्गही उगवले. कोणी राग आवरायला शिकवी, कोणी जोडप्याला एकत्र बसवी, कोणी शुल्क घेऊन प्रमाणपत्र हाती ठेवी.

१०/ मानके जन्मली ती या गर्दीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एकेक राज्य नियम लिहू लागले. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतले कलम १२०३.०९७ हे त्यातले ठळक उदाहरण : किमान ५२ आठवडे, आठवड्याला किमान दोन तास, नशेत येण्यास मनाई, आणि जोडप्याचे वा कुटुंबाचे एकत्र समुपदेशन स्पष्टपणे वर्ज्य.

११/ बहुतेक नियमावल्यांत दोन प्रकारच्या अटी एकत्र नांदत होत्या. एक, तिच्या सुरक्षिततेच्या : तिच्याशी स्वतंत्र संपर्क ठेवा, धोका दिसला तर तिला कळवा, पुरुषाला संपूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नका, गैरहजेरी न्यायालयाला सांगा. दोन, अभ्यासक्रमाच्या : वर्गात काय शिकवायचे, कोणत्या विचारचौकटीतून, किती आठवडे. सारा पुढचा इतिहास या दोहोंमधल्या फरकाचा आहे.

१२/ कारण दुसऱ्या प्रकारच्या अटी पुराव्याच्या आधी कायद्यात शिरल्या होत्या. कसोटीचे प्रयोग नंतर झाले. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड परगण्यात ४०४ पुरुषांपैकी काहींना प्रोबेशन आणि २६ आठवड्यांचा वर्ग दिला, उरलेल्यांना केवळ प्रोबेशन. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. (अर्थात त्या पुरुषांच्या जोडीदारांपैकी बऱ्याच जणींपर्यंत संशोधक पोहोचूच शकले नाहीत. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तीच आकडेवारीतून निसटली.)

१३/ ब्रुकलिनचा प्रयोग अधिक बोलका आहे. तितक्याच तासांचा तोच वर्ग एका गटाला २६ आठवड्यांत पसरून दिला, दुसऱ्याला ८ आठवड्यांत उरकून. २६ आठवडेवाल्यांविरुद्ध नव्या तक्रारी कमी आल्या. पण दोन्ही गटांच्या विचारांत फरक पडलेला नव्हता. म्हणजे काम केले असेल तर ते शिकवणुकीने नव्हे. दर आठवड्याला कोणीतरी आपल्याला पाहते आहे, या जाणिवेने.

१४/ २००४ मध्ये बॅबकॉक, ग्रीन आणि रोबी यांनी २२ अभ्यास एकत्र तोलले. निष्कर्ष : परिणाम आहे, पण अगदी थोडा. एडवर्ड गोंडॉल्फ यांचे म्हणणे निराळे होते. त्यांनी चार शहरांतल्या ८४० पुरुषांचा चार वर्षे मागोवा घेतला, आणि तोही त्यांच्या जोडीदार स्त्रियांना वारंवार विचारून. त्यांच्या मते एकटा वर्ग मोजण्यात अर्थ नाही. वर्गामागे न्यायालय किती तत्परतेने उभे राहते, यावर निकाल ठरतो.

१५/ सर्वांत अनपेक्षित टीका आली ती घरातूनच. १९९९ च्या एका निबंधात खुद्द एलन पेन्स यांनी लिहिले की सत्तेची हाव हीच साऱ्या हिंसेमागची प्रेरणा, असे धरून रचलेली चौकट समोर बसलेल्या अनेक स्त्री-पुरुषांच्या अनुभवाशी जुळत नव्हती. गटातले पुरुष तसे म्हणत नव्हते आणि कार्यकर्ते मात्र तेच ऐकत होते. आपल्याच कामाकडे असे पाहणारे चळवळीत विरळाच. पण पेन्स यांनी जे मोकळेपणाने सोडून दिले, ते अनेक राज्यांच्या नियमांत घट्ट लिहिलेले राहिले.

१६/ बदल सावकाश झाला. वॉशिंग्टन राज्याच्या सार्वजनिक धोरण संस्थेने २०१३ मध्ये सांगितले की डुलुथ धर्तीच्या वर्गांमुळे पुन्हा गुन्हा घडणे कमी झाल्याचे दिसत नाही. २०१८ मध्ये राज्याने मानके नव्याने लिहिली. सर्वांना एकच साचा न लावता प्रत्येकाची जोखीम तपासून उपचाराची पातळी ठरू लागली. स्त्रीच्या सुरक्षिततेच्या अटी मात्र कोणी काढल्या नाहीत.

१७/ ब्रिटनमध्ये ‘प्रोजेक्ट मिराबाल’ने (२०१५) प्रश्नच बदलला. लिझ केली आणि निकोल वेस्टमारलँड यांनी आधी विचारले : यश म्हणजे काय? ‘मार थांबला’ एवढेच उत्तर स्त्रियांना पुरेसे नव्हते. त्यांना आदराने बोलणे हवे होते, स्वतःचे निर्णय घेण्याची मोकळीक हवी होती. मुलाखती दिलेल्या स्त्रियांपैकी इजा झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. नियंत्रण मात्र तेवढे सुटले नाही. हात लवकर थांबतो. पैशाचा हिशेब मागणे, फोन तपासणे मागे उरते.

१८/ युरोप परिषदेच्या इस्तंबूल कराराने (२०११) कलम १६ मध्ये अशा कार्यक्रमांना आंतरराष्ट्रीय कायद्यात जागा दिली. अट जुनीच : पीडितेची सुरक्षितता आणि हक्क प्रथम, आणि पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांशी समन्वय. १९७७ मधल्या आधारगृहांची शंका जणू कराराच्या भाषेत उतरली.

१९/ आणि आपल्याकडे? डुलुथचे चाक रेखाटले गेले त्याच १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. दोहोंचा परस्परसंबंध नव्हता. काळ मात्र एक होता. १९९३ मध्ये मुंबईतच पुरुषांनी ‘मावा’ (मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज) स्थापन केली. ‘पुरुष स्पंदनं’ हा अंक त्यांचाच.

२०/ २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या नियमांत (२००६) नियम १४ वाचण्यासारखा आहे. समुपदेशनात पुरुषाला आपल्या हिंसेचे समर्थन मांडता येत नाही, आणि हे त्याला आरंभीच सांगायचे असते. पुन्हा हिंसा करणार नाही, अशी हमीही त्याने द्यायची असते. कोणत्याही परदेशी मानकाच्या तोडीचे हे वाक्य आहे. पण वर्ग किती आठवड्यांचा, त्यात काय, याविषयी नियम गप्प आहेत.

२१/ शिवाय मूळ कायद्याचे कलम १४ दंडाधिकाऱ्याला दोघांना ‘स्वतंत्रपणे किंवा एकत्र’ समुपदेशनाला पाठवण्याची मुभा देते. कॅलिफोर्नियाने जे दार कायद्याने बंद केले, ते इथे उघडे आहे. तडजोडीचा प्रयत्न तिची इच्छा असेल तरच करावा, असे नियम म्हणतात. ती इच्छा तिला कोणी, कधी आणि कोणासमोर विचारली, हे त्यांत लिहिलेले नाही.