‘काही करत नाही तो!’ – चावण्याआधी कुत्रा काय सांगतो?

शहरातल्या कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या लिफ्टमध्ये हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे – ‘घाबरू नका, काही करत नाही तो!’ पट्टा हातात धरलेला मालक हे मोठ्या विश्वासाने सांगतो. समोरचा माणूस अंग चोरून भिंतीला टेकलेला असतो आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला कुत्रा नेमका त्याच क्षणी ओठ चाटत, मान दुसरीकडे वळवत काहीतरी वेगळेच सांगत असतो. ते मात्र दोघांनाही उमगत नाही. पुढे एखाद्या दिवशी दात लागतात आणि मग ‘आजवर कधी असे केले नव्हते, अचानक चावला’ असे सांगितले जाते. हा ‘अचानक’ बहुतेक वेळा खरा नसतो. कुत्रा आधी बऱ्याच वेळा बोललेला असतो. त्याची भाषा तेवढी आपण शिकलेलो नसतो.

ही भाषा फारशी कठीण नाही. नकोशा प्रसंगी कुत्रा प्रथम नजर चुकवतो, तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, खाणे समोर नसताना नाकावरून जीभ फिरवतो. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक टुरिड रुगास यांनी अशा खुणांकडे जगाचे लक्ष वेधले आणि समोरच्याला शांत करण्यासाठी कुत्रा त्या वापरतो, असे मांडले. एवढ्याने भागले नाही तर तो अंग आकसून घेतो, कान मागे पाडतो, शेपूट पायांत घालतो. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागतो. त्यानंतरची खूण सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित – तो एकाएकी निश्चल होतो. लहान मूल गळ्यात पडलेले असताना कुत्रा पुतळ्यासारखा स्तब्ध झाला, तर घरची मंडळी ‘किती शहाणा आहे’ म्हणून छायाचित्र काढतात. वस्तुतः मुलाला त्या क्षणी दूर करायला हवे असते. मात्र ओरडून किंवा हिसका देऊन नव्हे. कुत्र्याला आनंदी आवाजात आपल्याकडे बोलवावे आणि मुलाला हळूच बाजूला घ्यावे.

हलणारी शेपूट म्हणजे आनंद, हा समजही अर्धाच खरा. सैल कमरेसह डुलणारी शेपूट आणि ताठ उभी, टोकाशी थरथरणारी शेपूट यांचे अर्थ निराळे आहेत. इटलीतील बारी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट उजवीकडे अधिक झुकते, तर अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. सर्वसामान्य मालकाने डावे-उजवे मोजत बसण्याची गरज नाही. शेपटीपेक्षा संपूर्ण शरीर सैल आहे की ताठ, हे पाहावे.

यानंतर येते ती गुरगुर. येथे बहुसंख्य मालकांचे चुकते. कुत्रा गुरगुरला की त्याला दटावणे, पाठीत धपाटा घालणे ही आपल्याकडची रीत. त्यामुळे गुरगुरणे थांबतेही. परंतु भीती किंवा राग थांबलेला नसतो. कुकरची शिट्टी कर्कश वाटते म्हणून ती दाबून धरण्याचाच हा प्रकार. वाफ आत तशीच राहते. ज्याला गुरगुरण्याची शिक्षा मिळाली आहे, असा कुत्रा पुढे सूचना न देताच दात लावतो आणि तोच सर्वांत धोकादायक. म्हणून कुत्रा गुरगुरला तर आपण थांबावे, दोन पावले मागे सरावे आणि त्याला काय नको होते याचा शोध घ्यावा. ताटली, हाड, पलंगाखालची जागा, दुखरा कान – कारण सापडतेच. शांत कुत्रा थोड्या दिवसांत चिडखोर झाला असेल, तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्याकडे जावे. कानातला संसर्ग, किडलेला दात, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे ही चावण्यामागची नेहमीची कारणे आहेत आणि ती कोणत्याही शिस्तीने बरी होत नाहीत.

‘कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावे लागते’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. त्याचा उगम लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतून कळपात वर्चस्वासाठी सतत झुंज चालते आणि जिंकणारा ‘अल्फा’ ठरतो, अशी कल्पना रुजली. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. तेव्हा त्यांना दिसले की, निसर्गातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. १९९९ मध्ये त्यांनी तसे लिहिले आणि आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून प्रकाशकांकडे आग्रहही धरला. कल्पना मांडणाऱ्याने ती मागे घेतली, तरी आपल्या बागांमधून कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणारे ‘ट्रेनर’ काही मागे हटलेले नाहीत. अशी दांडगाई करणाऱ्याच्या हाती पट्टा देऊ नये. वर्तमानपत्राची गुंडाळी करून कुत्र्याला मारण्याची प्रथाही अशीच जुनी. वर्तमानपत्राचे याहून चांगले उपयोग आहेत.

पहिले तीन महिने

कुत्र्याच्या स्वभावाचा पाया फार लवकर घातला जातो. अमेरिकेतील मेन राज्यातल्या बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा ओळखीपाळखीचा. या काळात जे माणसांचे, वस्तूंचे, आवाजांचे प्रकार निर्धास्तपणे अनुभवले जातात, ते पुढे परके वाटत नाहीत. ज्यांची ओळख राहून गेली, त्यांची धास्ती बसू शकते. रेनकोट घातलेला माणूस, हेल्मेट, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, गॅस सिलिंडर वाहणारा, रिक्षाचा आवाज, मिक्सर, कुकर अशी ही यादी प्रत्येक घराने आपापली करावी.

अडचण अशी की, नेमक्या याच काळात लसीकरण पूर्ण व्हायचे असते आणि ‘तोवर बाहेर काढू नका’ असे सांगितलेले असते. यावर उपाय सोपा आहे. पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर किंवा पिशवीत घेऊन फिरवावे. रस्ता त्याला दिसावा, परंतु रस्त्यावरची घाण त्याच्या तोंडी लागू नये. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात टोचतात. पुढच्या मात्रा पशुवैद्याने आखून दिलेल्या वेळापत्रकानुसार दरवर्षी चुकवू नयेत.

पिल्लू फार लहान असताना आईपासून तोडणे हाही एक मोठा दोष. भावंडांशी खेळताना जोरात चावले की समोरचे पिल्लू केकाटते, खेळ मोडतो आणि जबड्याचा जोर आवरायचा असतो हे पिल्लू शिकते. ही शाळा महिनाभराच्या पिल्लाला मिळालेली नसते. श्वानप्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही ‘लहान असले की लवकर लळा लागतो’ असे सांगून ते गळ्यात मारणारे विक्रेते भेटतात. त्यांच्याकडून पिल्लू घेऊच नये.

जातीचा विचारही येथेच करायला हवा. २००३ च्या सुमारास ‘हच’च्या जाहिरातीने पग घरोघरी नेला. त्यानंतर दमट मुंबईत वातानुकूलित खोलीत राहणारे हस्कीही दिसू लागले. ओढगाडीसाठी मैलोन्‌मैल धावण्यास घडवलेला कुत्रा दोन खोल्यांत दिवसभर बसला की गाद्या फाडणार, दारे ओरबाडणार. तो त्याचा दुर्गुण मानू नये. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींचे कुत्रे ‘हिंस्र’ ठरवून त्यांना परवाने देऊ नयेत, असे राज्यांना कळवले होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. दांडग्या कुत्र्याच्या चाव्याने इजा अधिक होते, हे खरेच. म्हणून तो पाळणाऱ्याची जबाबदारीही अधिक. परंतु छोटा पॉमेरेनियन चावत नाही, असे कोणत्याही डाकियाने आजवर म्हटलेले नाही.

घरातली शिस्त

शिकवण्याच्या आज्ञा मोजक्याच असाव्यात. बस, थांब, ये आणि सोड या चार पक्क्या झाल्या तर शहरातले निम्मे अपघात टळतील. मात्र घरात एकच शब्द हवा. मुलगा ‘सिट’ म्हणतो, आजी ‘खाली बस’ म्हणते आणि कामाच्या मावशी ‘बैठ’ म्हणतात. मग कुत्रा हट्टी आहे, अशी तक्रार होते. बक्षीस कृतीनंतर एक-दोन सेकंदांच्या आत मिळाले पाहिजे. डब्यातून बिस्कीट काढेपर्यंत कुत्रा उठून उभा राहिला असेल, तर आपण त्याला उठण्याचे बक्षीस दिलेले असते. ‘ये’ म्हणून बोलावून रागावणे तर कधीच करू नये. ज्या शब्दानंतर मार मिळतो, त्या शब्दाला कोण धावत येईल?

‘सोड’ हा धडा देवाणघेवाणीने शिकवावा. तोंडातली चप्पल ओढून काढण्याऐवजी तिच्या बदल्यात चीजचा तुकडा द्यावा. जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालून ‘सवय’ लावणारे मालक त्याला ताटली राखायलाच शिकवतात. याउलट, जवळून जाताना ताटलीत एखादा चांगला घास टाकत गेल्यास माणूस आला की लाभ होतो, एवढे त्याच्या मनात ठसते.

मुलांच्या बाबतीत नियम अधिक कडक हवेत. लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा घरचा किंवा ओळखीचाच असतो आणि उंचीमुळे जखम चेहऱ्यावर, मानेवर होते. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नये. ‘पाचच मिनिटे’ हा अपवादही नको. झोपलेल्या, जेवणाऱ्या, आजारी किंवा पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही, मिठी मारायची नाही, हे मुलाला शिकवावे. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही. हात छातीशी घेऊन, नजर खाली ठेवून झाडासारखे उभे राहायचे. हा धडा खेळातून पक्का करता येतो.

भीती हे चाव्यामागचे मोठे कारण असल्याने ढोल-ताशे आणि फटाक्यांचे दिवस विशेष सांभाळावे लागतात. दिवाळीपूर्वीच घरातला एक आतला कोपरा त्याच्यासाठी ठरवावा, खिडक्या-पडदे बंद ठेवावेत, फिरवणे उजेडी उरकावे. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा, कारण बावचळून पळालेला कुत्रा घरचा रस्ता विसरतो. घाबरलेल्याला जवळ घेतल्याने भीती वाढते, ही समजूत निराधार आहे. तो जवळ आला तर जरूर घ्यावे. पलंगाखाली लपला तर ओढून काढू नये.

लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरावा, कुत्र्याला कोपऱ्यात ठेवून आपण मध्ये उभे राहावे आणि कुणी घाबरत असेल तर पुढच्या खेपेला जावे. लांबत जाणारा पट्टा जिन्यात आणि फाटकाशी उपयोगाचा नाही. पशुवैद्याकडे जाताना लागणारे मुसके जाळीचे, तोंड उघडून धापता येईल असे घ्यावे आणि त्याची सवय घरीच खाऊ देत लावावी. सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो हक्क मालकांना तोंडपाठ असतो. दुसरी बाजूही पाठ असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दात लागलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्याहून फार लांब असतात. हळद, चुना, मिरची, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कुत्रा घरचा आणि लस टोचलेला असला, तरी निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. त्याआधी वेळेवर उपचार झाले, तर हा रोग टाळता येतो. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. मेंदूच्या ऊतींपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दंडावर टोचतात. स्नायूत द्यायची असल्यास १४ व्या दिवसाची मात्राही असते. रक्त आलेल्या किंवा खोल जखमेत लशीबरोबर जखमेच्या आत व भोवती रेबीज प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक ठरते. ते मिळाले की नाही, हे नातेवाइकांनी आवर्जून विचारावे.

चावलेल्या कुत्र्याला मारू नये, हाकलून देऊ नये किंवा घाईने दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये. त्याला दहा दिवस बांधून, वेगळे ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवावे. उपचार मात्र त्यासाठी थांबवायचे नाहीत. दहा दिवसांनंतर तो धडधाकट असल्यास उरलेल्या मात्रांबाबत काय करायचे, ते डॉक्टर सांगतील. या काळात तो खाईनासा झाला, आवाज बदलला, लाळ गळू लागली किंवा मेला, तर डॉक्टरांना आणि पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला तत्काळ कळवावे. ज्यांचे हात त्याच्या लाळेला लागले असतील, त्या घरातल्या सर्वांची नावेही त्याच वेळी सांगावीत.