धडधडीचा इतिहास

स्त्रीच्या छातीत धडधडू लागले, हात कापू लागले, की ‘फार मनाला लावून घेते’ हे निदान घरोघर तयारच असते. हे निदान अपुरे कसे ठरले, त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. वर्धापनदिनाच्या निमित्ताने तो भगिनींपुढे ठेवावा, असे मला वाटते.

इंग्लंडातील बाथ येथे डॉ. केलेब पॅरी यांनी १७८६ साली एक स्त्री तपासली. तिचा गळा सुजला होता, हृदय जोराने धडधडत होते आणि नाडी मधूनच चुकत होती. गळा व हृदय यांचा संबंध पॅरींनी ताडला; पण त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ साली छापली गेली. पुढे १८३५ मध्ये डब्लिनच्या डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी धडधडीने बेजार झालेल्या तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघींचीही गळ्यातील थायरॉइड ग्रंथी वाढलेली होती. आज हा विकार ग्रेव्हज यांच्याच नावाने ओळखला जातो.

या ग्रंथीचा रस शरीराची गती ठरवितो. तो अति झाला, की हृदयाला उसंत मिळत नाही. त्याचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, तेथे रक्त साकळते, आणि ती गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे साठी ओलांडलेल्या २,००७ व्यक्तींची दहा वर्षांची पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्ततपासणीत ही ग्रंथी अति काम करीत असल्याची खूण होती, त्यांच्यात असे थरथरणे सुमारे तिप्पट आढळले.

आपल्या किनाऱ्यावर एक समजूत आहे, की मासळी खाणाराला गळ्याचा विकार होत नाही. माझ्या आत्याबाईंचा गळा भरून आला, त्या भरल्या ताटावरही वाळत चालल्या, तेव्हा आमच्या घरी त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकीत. आयोडीनच्या अभावाने होणारा गलगंड निराळा; त्यासाठी सरकारने १९६२ साली आयोडीनयुक्त मिठाची मोहीम काढली. ग्रेव्हजचा विकार मात्र शरीराची संरक्षक शक्तीच ग्रंथीला डिवचते म्हणून होतो. तो ना मासळीने टळतो, ना मिठाने.

उपाय मात्र फार दूर नव्हता. उरण-घारापुरीसमोर खाडीपलीकडे तुर्भ्याला १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६३ मध्ये अणुशक्ती खात्याने परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर काढले. तेथे किरणोत्सर्गी आयोडीन देऊन अशा ग्रंथींवर उपचार होऊ लागले. गोळ्यांनीही रस आवरता येतो, आणि तो आवरला, की पुष्कळदा हृदयही ताळ्यावर येते.

म्हणून भगिनींनो, आईची, सासूबाईंची, जावेची धडधड मनावर ढकलू नका. नाडी पाहा, गळा पाहा, आणि डॉक्टरांकडून हृदयाच्या आलेखाबरोबर थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या.