बडोद्याची लेक, कूचबिहारची राजमाता

जर्मनीतली राजकन्या सोफी १७४४ साली रशियात गेली, तिथला धर्म स्वीकारून कॅथरीन झाली आणि १७६२ मध्ये नवऱ्याला पदच्युत करून सम्राज्ञी बनली. परमुलखात जाऊन राज्य सांभाळणारी एक राजकन्या आपल्या मराठी घराण्यातही होऊन गेली. फरक एवढाच, की तिने नवरा स्वतः निवडला होता.

सयाजीराव गायकवाड आणि दुसऱ्या चिमणाबाईंची एकुलती एक मुलगी इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी तिचं लग्न ठरलेलं. ते तिच्याहून सोळा वर्षांनी मोठे, आणि घरात एक राणी होतीच. १९११ च्या दिल्ली दरबारात तिला कूचबिहारचे धाकटे राजपुत्र जितेंद्रनारायण भेटले. तिने परस्पर पत्र लिहून ठरलेलं लग्न मोडलं. ग्वाल्हेरहून विचारणेची तार आली, तेव्हा कुठे आईवडिलांना पत्ता लागला! गंमत अशी, की भारतीय स्त्रीच्या स्थितीवरचं चिमणाबाईंचं इंग्रजी पुस्तक त्याच वर्षीचं. लेकीपुढे मात्र सुधारणा थबकली.

अखेर १९१३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात ब्राह्मो पद्धतीने लग्न लागलं, आईवडिलांच्या गैरहजेरीत. त्याच वर्षी थोरले दीर वारले आणि जितेंद्रनारायण गादीवर आले. १९२२ मध्ये तेही गेले. तिशीतल्या इंदिराराजेंच्या पदरी पाच मुलं. थोरला मुलगा जेमतेम सात वर्षांचा. तो सज्ञान होईपर्यंत, म्हणजे १९३६ पर्यंत, बंगालच्या उत्तर टोकाच्या त्या संस्थानाचा कारभार रीजंट म्हणून या मराठी बाईनेच पाहिला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी या तिच्याच कन्या.